पिवळी चिठ्ठी लावलेली पानं

मला मुलं फार आवडतात. विशेषतः पुस्तकातली. ती वेळेवर रांगतात, वेळेवर बोलतात आणि पान मिटलं की गप्प बसतात. अशा मुलांबद्दल मी अध्यापक महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत व्याख्यानं दिली. 'बालविकास' हा माझा विषय. आम्हाला स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्या सिद्धांतांना घरातून कधी विरोध झाला नाही. बायको एवढंच म्हणायची, "अहो, तुमचं म्हणजे काठावर बसून पोहण्याचे क्लास घेणं." मी हसायचो. मला वाटायचं, ती कौतुकच करते आहे.

तर अशा मला एके दिवशी एका बालवाडीच्या मोठ्या बाईंचा फोन आला. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, त्यामुळे अजून माझ्याबद्दल आदर बाळगून होत्या. म्हणाल्या, "सर, यंदा दोन नव्या बाई घेतल्यात. दोघींनीही या वयाची मुलं कधी सांभाळलेली नाहीत. त्यांच्यासाठी बालविकासाची थोडी पुस्तकं निवडून द्याल का? सोपी, रोज हाताशी असावीत अशी."

या दोन नव्या बाईंपैकी एक नुकतीच पदवी घेऊन आलेली, टवटवीत, लग्न ठरलेली मुलगी होती. दुसरी माझी सख्खी धाकटी बहीण.

धाकटीबद्दल सांगायला हवं. चाळिशी ओलांडलेली, स्वभावाने गरीब, बोलायला कमी. लहानपणी ती खूप उशिरा बोलायला लागली आणि पुढेही गरजेपुरतंच बोलली. गरज फारशी पडायची नाही, कारण मी होतो. तिने कोणते विषय घ्यायचे, कोणत्या रंगाची सायकल घ्यायची, इथपासून ते कुरिअरच्या ऑफिसात नोकरी करायची इथपर्यंत सगळं मीच सुचवलं होतं. ते ऑफिस बंद पडलं, तेव्हा तिच्यासाठी पुढचं काय सुचवावं याचा मी विचार करत होतो, तोवर ती स्वतःच जाऊन बालवाडीत नोकरी पक्की करून आली. पक्की म्हणजे सत्र संपेपर्यंत उमेदवारी, मग मोठ्या बाई ठरवणार. मला कळलं ते रुजू झाल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला न विचारता काही केलं होतं, आणि तेही नेमकं माझ्या विषयात! मी मोठ्या मनाने ते माफ केलं आणि तिच्या मदतीला धावलो. धावलो म्हणजे पुस्तकांच्या दुकानात गेलो.

पुस्तक निवडण्याची माझी एक पद्धत आहे. आधी मी ते हातात धरून जोखतो. हलकं लागलं तर विचार हलके असणार. मग शेवटची पानं उघडतो. तिथे संदर्भांची लांबलचक यादी असली की लेखकाबद्दल विश्वास वाटतो. मग आतले तक्ते बघतो. ज्या पुस्तकात तक्ता नाही, त्या लेखकाला मुलं कळलेली नाहीत असं माझं ठाम मत होतं. या चाळणीतून चार पुस्तकं उरली. चारही अशी, की एकेक पायावर पडलं तर नख काळं व्हावं.

एक पातळसं पुस्तक मात्र मी बघताक्षणी बाजूला सारलं होतं. पानोपानी मुलांचे फोटो, खाली चार-सहा साध्या ओळी, तक्ता औषधालाही नाही. दुकानदाराने, ग्राहक नेमके नाकारतात तेच पुन्हा पुढे करण्याच्या त्याच्या सवयीने, ते परत माझ्यापुढे ठेवलं आणि बिलातही घातलं. घरी आल्यावर खोकं भरताना लक्षात आलं की एका बाजूला फट राहते आहे आणि जाडी पुस्तकं आत आपटतायत. ती फट भरायला हे पातळ पुस्तक अगदी मापाचं निघालं, म्हणून ते गेलं. त्याची निवड मी अशी केली.

बायको खोक्याकडे बघून म्हणाली, "ही पुस्तकं मुलांबद्दल वाचायची आहेत की मुलं दंगा करायला लागली की त्यांच्यावर ठेवायची?"

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी माझ्या खास कामाला बसलो. नव्या बाईंना एवढं सगळं वाचायला वेळ कुठला! म्हणून महत्त्वाच्या पानांवर मी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ही माझी आणि धाकटीची जुनी रीत. ती शाळेत असताना परीक्षेच्या आधी मी तिच्या पुस्तकात खुणा करून द्यायचो, ती तेवढंच वाचायची आणि पास व्हायची. पहिली कधी आली नाही, पण नापासही झाली नाही. आई शेजारणींना सांगायची, "थोरला आहे ना, तो बघतो तिचं." ते ऐकून मी इतका फुगायचो की सदऱ्याची बटणं तुटायचीच काय ती राहायची.

चिठ्ठ्या लावलेल्या पुस्तकांचं खोकं मी स्वतः बालवाडीत पोचवलं. बालवाडी म्हणजे एका लांबट बैठ्या इमारतीतल्या तीन खोल्या. भिंतीला मुलांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र आणि एक पिशवी. हात धुवायच्या बेसिनपाशी ओली फरशी, रंगांचा आणि खळीचा वास. धाकटीच्या कमरेला एक पोरगं लोंबकळत होतं आणि दुसरं तिच्या ओढणीला नाक पुसत होतं. तिने खोक्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दादा, चिठ्ठ्या पण लावल्यास?"

"अगं, तेवढंच वाच. बाकीचं तुला वाचायची गरज नाही."

हे वाक्य मी बोललो, हे मी नाकारत नाही. नाकारून उपयोगही नाही, मोठ्या बाई तिथेच उभ्या होत्या.

पुढच्या आठवड्यापासून धाकटीचे फोन सुरू झाले. एरवी ती 'बरं', 'हो', 'ठेवते' या तीन शब्दांत संभाषण उरकायची. आता मात्र भडाभडा बोलू लागली. एक मुलगा चवड्यांवर चालतो. एक मुलगी सगळे ठोकळे एका ओळीत लावते आणि ओळ मोडली की किंचाळते. एक जण डोळ्याला डोळा देत नाही. एकीने मैत्रिणीच्या दंडाला चावा घेतला. एकाला ओल्या वाळूला हात लावायची किळस वाटते. "दादा, हे सगळं तुझ्या पुस्तकात जसंच्या तसं आहे रे!" तिच्या आवाजात धास्ती होती. मला ती ऐकू आली नाही. मला फक्त 'तुझ्या पुस्तकात' एवढंच ऐकू आलं. काय हे निरीक्षण! मी बायकोला म्हणालो, "बघ, रक्तातच असावं लागतं." प्रयोगशाळेत रोज लोकांचं रक्त तपासणारी माझी बायको म्हणाली, "रक्तात असतं ते मला दिसतं. हे काही तरी वेगळं आहे."

दुसऱ्या नव्या बाईचीही प्रगती जोरात चालली होती. तिने म्हणे अख्ख्या वर्गातली लक्षणं शोधून संपवली आणि आता होणाऱ्या नवऱ्यावर काम सुरू केलं होतं. तोही डोळ्याला डोळा देत नसे आणि चपला ओळीने लावत असे.

मग ते घडलं.

धाकटीच्या वर्गात एक मुलगा होता. चार वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, आणि वर्गात अवाक्षर न बोलणारा. मी ऐकूनच त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. त्याची आई बस चालवायची. ड्युटी संपली की गणवेशातच धावतपळत त्याला न्यायला यायची. एक दिवस दुपारी, फाटकाशी सगळ्या आया उभ्या असताना, धाकटीने तिला थांबवलं. हातात माझं सगळ्यात जाड पुस्तक होतं. पिवळी चिठ्ठी लावलेलं पान उघडून तिने आईसमोर धरलं आणि म्हणाली, "हे वाचा. याच्यात सांगितलेलं सगळं तुमच्या मुलात आहे. मला वाटतं, त्याच्यात काही तरी दोष आहे."

आईने ते पान वाचलं. भोवतालच्या आयांनीही माना लांब करून वाचलं. आईने पुस्तक मिटून परत दिलं, मुलाला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. त्याच्यानंतरही आला नाही. मोठ्या बाईंनी फोन केला तर ती म्हणाली, "माझ्या पोराला चारचौघांत रस्त्यावर उभं करून नापास केलंत. शुक्रवारी येते आणि नाव काढून नेते."

मोठ्या बाईंनी धाकटीला बोलावून सरळच सांगितलं. "तुम्ही मनाने चांगल्या आहात, मला दिसतंय. पण हे मूल गेलं तर पालक मला विचारणार, मग सत्रानंतर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. शुक्रवारी तुम्हीच त्यांच्याशी बोला."

संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली. चारही जाडी पुस्तकं पिशवीत घालून, हाताला वळ पडलेले. मी लगेच पुस्तकाची बाजू घेतली. म्हणालो, "अगं, लेखकाने 'असू शकतो' असं म्हटलंय. तू 'आहे' म्हणालीस. शास्त्रात या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

तिने टेबलावर एकेक पुस्तक ठेवलं, चिठ्ठीचं पान उघडलं आणि नुसते मथळे वाचायला सुरुवात केली. वाढ खुंटल्याची लक्षणं. भाषेतला दोष. लक्ष न लागण्याचे प्रकार. आक्रमक मूल. भीतीने ग्रासलेलं मूल. पुढचं पुस्तक. तेच. त्याच्या पुढचं. तेच. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिने एक शब्दही काढला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखायला हवं होतं.

"दादा," धाकटी म्हणाली, "तू खुणा केलेल्या सगळ्या पानांवर आजार आहेत रे."

मी पुस्तकं ओढून घेतली आणि चाळली. खरंच होतं. एकही चिठ्ठी साध्यासुध्या, खेळणाऱ्या, पडणाऱ्या, हट्ट करणाऱ्या मुलाच्या पानावर नव्हती. का असावी? ती पानं मला इतकी पाठ होती, की तिथे खूण करण्याजोगं मला काही दिसलंच नव्हतं. मला रस होता तो बिघडलेल्यात. मी माझ्यासाठी चिठ्ठ्या लावल्या होत्या, जन्मभर व्याख्यानं देऊन कंटाळलेल्या म्हाताऱ्यासाठी. आणि ती वाचणार होती पहिल्यांदाच मुलांना हात लावणारी माझी बहीण. चवड्यांवर चालतात, चावतात, ओळी लावतात अशी कितीतरी मुलं असतात आणि त्यांच्यात काहीही नसतं, हे प्रत्येक पुस्तकात दोन पानं अलीकडे लिहिलेलं होतं. फक्त तिथे चिठ्ठी नव्हती. मला लाज वाटली.

"तू बाकीचं वाचायचं होतंस ना," मी म्हणालो. लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्यावर ढकलतो. मी तर त्यात पदवीधर आहे.

"तू म्हणालास, गरज नाही. मी कधी वाचलंय का बाकीचं?" तिचे डोळे भरून आले होते. "ही नोकरी मला हवी आहे रे. मला ती पोरं आवडतात. आधीच्या कशाबद्दल मी असं म्हणाले नव्हते."

मी तिला धीर दिला. म्हणजे लगेच उभा राहून येरझाऱ्या घालत योजना सांगायला लागलो. शुक्रवारी मी येतो. त्या आईला मी समजावतो. आधी बालविकासाचे टप्पे थोडक्यात, मग भाषेचा विकास, मग क्षमायाचना. तू फक्त शेजारी बस. मध्येच कधीतरी ती "दादा, नको" असं म्हणाली, असं बायको नंतर शपथेवर सांगत होती. माझा तेव्हा दुसरा मुद्दा चालला होता. धाकटी जाताना जाडी पुस्तकं तिथेच टाकून गेली. घरी जाताना वाटेत तिने बालवाडीतून ते पातळ पुस्तक, फट भरायला गेलेलं, उचललं होतं, हे मला पुढे कळलं.

शुक्रवारी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. वर्ग रिकामा होता, बाकीची मुलं अंगणात होती. मोठ्या माणसांसाठी म्हणून वेगळ्या खुर्च्या नव्हत्या. मी मुलांच्या खुर्चीवर बसलो, आणि माझे गुडघे माझ्या कानांशी आले. या अवस्थेत विद्वान दिसणं कुणालाही अवघडच.

बसवाली आई आली. गणवेशात, थकलेली, ओठ घट्ट मिटलेले. एका हाताला मौनीबाबा आणि दुसऱ्या हाताला त्याची मोठी बहीण, असेल सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, ताठ मान. आई बसायच्या आधीच मुलीने सांगायला सुरुवात केली. "हा माझा भाऊ. हा शाळेत बोलत नाही. घरी पण जास्त नाही. याला काय पाहिजे ते मला कळतं. आत्ता याला पाणी पाहिजे. भूक नाहीये. याला ती खुर्ची आवडत नाही, ही आवडते." मुद्देसूद, न अडखळता. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. ही मुलगी मोठी होऊन नक्की प्राध्यापक होणार, असं मला वाटलं.

मोठ्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तुम्हाला यांना काय सांगायचंय?"

"तिला असं सांगायचंय," मी म्हणालो, "की भाषेच्या विकासाचे मुळात—"

"दादा."

"—मुळात तीन पैलू असतात. आता पहिला—"

"दादा, तू जरा थांब."

आवाज मोठा नव्हता. पण जन्मात तिने मला असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी तोंड उघडं ठेवूनच थांबलो. ती खुर्ची सरकवून आईच्या समोर बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली घातले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या मुलाकडे बघितलंच नाही. मी पानाकडे बघितलं आणि पानातलं मूल त्याच्यात शोधत बसले. आणि ते तुम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं. ते फार वाईट केलं मी. त्याचे कान एकदा तपासून घ्यावेत असं मला वाटतं, तेवढं चार लोकांत न सांगताही सांगता आलं असतं."

धाकटी एकटीने सगळं अंगावर घेत होती आणि पैलू मोजणारा मी मख्खासारखा बसलो होतो. मी हात वर केला. खरोखर, वर्गातल्या पोरासारखा. धाकटीने मान डोलावली.

"पानांवर खुणा मी केल्या होत्या," मी म्हणालो. "तिने माझ्यावर विश्वास ठेवला." आणि हात खाली घेतला. एवढं छोटं भाषण मी उभ्या आयुष्यात केलेलं नव्हतं.

आईने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. कानाशी आलेल्या गुडघ्यांकडेही पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मोठा भाऊ," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली आणि तिने आपल्या मुलीकडे एक नजर टाकली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग धाकटी उठली. तिने त्या मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "तू माझ्या दादाच्या शेजारी बस. तुम्हा दोघांसाठी एक खेळ आहे. दोघांनी बोलायचं नाही. ज्याच्या तोंडून आधी शब्द निघेल तो हरला."

"सोपं आहे," मुलगी म्हणाली.

"आता सुरू," धाकटी म्हणाली.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने ओठांवर बोट ठेवलं, मीही ठेवलं. धाकटीने खडूंचा डबा आणि एक मोठा कागद घेऊन चटईवर बैठक मारली, मौनीबाबासमोर. डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "कोणता देऊ?" तिने विचारलं. आणि थांबली.

आता हे थांबणं कसं सांगू! तिने पुन्हा विचारलं नाही. हा घेतोस का, तो घेतोस का, काही नाही. हात पुढे, डबा हातात, चेहऱ्यावर घाई नाही. मुलगा डब्याकडे बघत होता. भिंतीकडे बघत होता. पायाचा अंगठा चटईत खुपसत होता. अंगणातून पोरांचा आरडाओरडा येत होता. माझ्या शेजारची मुलगी खुर्चीवर चुळबुळ करायला लागली. तिचं बोट डब्यातल्या लाल खडूकडे आपोआप वळत होतं, ती ते दुसऱ्या हाताने धरून ठेवत होती. आणि माझं काय? माझ्या जिभेवर पाच-सहा वाक्यं येऊन रांगेत उभी होती. 'अगं, त्याला पर्याय कमी दे.' 'अगं, रंगाचं नाव घेऊन विचार.' कपाळावर घाम आला. मी दात आवळले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत मला काय दिसलं म्हणून सांगू? मी दिसलो. दोन वेण्यांतला मी, धाकट्या भावंडाला काय हवं ते सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात खात्रीने सांगणारा.

धाकटीचा हात अवघडला असणार. तिने डबा खाली ठेवला नाही.

"हिरवा," मौनीबाबा म्हणाला.

घोगरा, न वापरलेला आवाज.

"त्याला लाल आवडतो!" माझ्या शेजारची मुलगी ताडकन उठून ओरडली. "नेहमी लालच! मी रोज लालच देते!" आणि मग हरल्याचं लक्षात येऊन तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

धाकटीने हिरवा खडू काढून मुलाच्या हातात दिला. त्याने कागदावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली, मग दुसरी. बहिणीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

आई त्या हिरव्या रेघांकडे बघत राहिली. मग मोठ्या बाईंना म्हणाली, "घरीही हीच सांगते सगळं. मी थकून येते, ही सांगते त्याला काय हवंय, मी देऊन टाकते. मला बरं पडतं." मग ती मुलीकडे वळली. "लाल आवडत नाही त्याला?" तिने मुलीला जवळ ओढून घेतलं, कारण ती आता रडायच्या बेतात होती. तिचं काय चुकलं होतं? प्रेमापोटीच तर सगळं चाललं होतं. आम्हा थोरल्यांचं सगळं प्रेमापोटीच असतं, तीच तर पंचाईत आहे.

आई उठली. मुलाची पिशवी तिच्या खांद्यावर होती. ती भिंतीपाशी गेली, बदकाचं चित्र असलेली त्याची खुंटी शोधली आणि पिशवी तिथे अडकवली. "दुपारी येते न्यायला," ती धाकटीला म्हणाली. "कानांचं कुठे तपासायचं ते तेव्हा सांगा." मग दारातून मागे वळून, "फाटकाशी नको."

"फाटकाशी नाही," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या सत्रात हाच वर्ग घ्या." मग माझ्याकडे वळल्या. "सर, पुढच्या वर्षी अजून दोन नव्या बाई येतील. पुस्तकांचं—"

माझं तोंड उघडलं. मग मी ते, बऱ्याच कष्टाने, मिटलं आणि धाकटीकडे बोट दाखवलं.

मौनीबाबा चटईवर रेघा ओढत होता. अंगणातली मुलं आत यायला थोडा अवकाश होता. धाकटीने कपाटातून ते पातळ पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. त्यात एका पानावर खडूला गुंडाळलेला कागद फाडून घातलेला होता, हिरवा. तिने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पानावर खूण केली होती, आणि ती माझ्यासाठी. फोटोत दोन भावंडं होती. खाली लिहिलं होतं: 'कधी कधी धाकटं मूल उशिरा बोलतं, कारण त्याच्यासाठी बोलणारं कुणी तरी घरात असतं. धाकट्याला घाई करू नका. थोरल्याला थांबायला शिकवा.'

तक्ता नव्हता. संदर्भही नव्हते. मी ते दोनदा वाचलं.

"हे मौनीबाबासाठी शोधलंस ना?" मी विचारलं.

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, मघाशी डबा धरून बसली होती तशी.

"तू पण उशिरा बोलायला लागलीस," मी म्हणालो. "आई सांगायची. मीच सांगायचो सगळ्यांना, तुला काय हवं ते." पुढचं विचारायला मला वेळ लागला. "बरोबर असायचं का गं?"

तिने विचार केला. मी थांबलो. खरं सांगतो, थांबलो.

"परीक्षेच्या खुणा बरोबर असायच्या," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं..." ती हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. "बाकीचा बराचसा लाल खडू होता रे दादा."

सायकल. विषय. कुरिअरचं ऑफिस, जिथे इतकी वर्षं ती काउंटरमागे उभी राहिली. सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला खूप काही म्हणायचं होतं, सगळं मुद्देसूद. त्यातलं मी काहीच म्हणालो नाही.

"मग तुला काय हवं होतं?" एवढंच विचारलं.

ती बोलायला लागली. अंगणातली पोरं आत आली, एकाने माझ्या सदऱ्याला रंगाचा हात पुसला, तरी ती बोलत होती. मध्ये दोनदा माझं तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसण्याच्या बाबतीत माझा विकास वयाच्या मानाने बराच मागे आहे, असं तिचं निरीक्षण आहे. पण दोष वगैरे काही नाही म्हणाली, थांबून बघू.